अडीच सेंटीमीटरमधला सिंहगड

जूनमध्ये आठवीचा वर्ग पहिल्यांदा हातात आला, तेव्हा पहिल्या तासाला मी काहीच शिकवलं नाही. कागद वाटले आणि म्हटलं, "निसर्गचित्र काढा." पस्तीस मिनिटांनी टेबलावर गठ्ठा जमला. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, सूर्यातून निघून थेट झोपडीच्या दारापर्यंत येणारी नदी, बाजूला नारळाचं झाड आणि आकाशात बरोबरची खूण केल्यासारखे पक्षी. पन्नासेक मुलांमधल्या चार-पाच जणांनीच काही वेगळं काढलं होतं. बाकीचे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले असते, तर डोंगरांच्या रेघा जुळल्या असत्या.

आमची शाळा पुण्यातल्या पेठेतली. पावसाने हवा धुऊन निघालेली असली, की गच्चीवरून नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो. सपाट माथा, त्यावर दूरदर्शनचा मनोरा, खाली काळा कडा आणि त्याखाली सैल सोडलेल्या पदरासारखा उतार. त्रिकोण कुठेच नाही. आपल्या डोंगरांना टोकं नसतात, याला कारण आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले, त्यातून हा प्रदेश घडला. पुढे तो झिजला तोही पायऱ्या-पायऱ्यांनी. भूगोलाच्या पुस्तकातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला आहे. मुलांना हा धडा पाठ होता, सिंहगडावर तर बहुतेक सगळी जाऊन आली होती. पिठलं-भाकरी आणि दही खाऊन आली होती. तरी कागद समोर आला की हात त्रिकोणच काढायचा.

मुलांना दोष द्यावा, असं मला वाटत नाही. त्रिकोण त्यांना कोणीतरी शिकवलेला आहे, आणि त्यात आम्ही कलाशिक्षकही आलो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांसाठी मी स्वतः दर वर्षी मुलांची तयारी करून घेते. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती यांनी हाताला शिस्त लागते, हे मी मनापासून मानते. पण स्मरणचित्राची तयारी करताना ठरावीक झाड, ठरावीक बसलेला माणूस, ठरावीक मागची भिंत असं पाठांतर सुरू होतं. दहावीला वाढीव गुण मिळतात, पालक विचारत असतात, वेळ कमी असतो. मग मूल पाहणं सोडून देतं आणि आठवणं सुरू करतं. मला ते उलटं फिरवायचं होतं.

ऑगस्टमध्ये एका रविवारी वीस-बावीस मुलांना घेऊन पर्वती चढले. १०३ पायऱ्या. रुंद आणि सावकाश, पण पाठीवर बोर्ड, हातात पाण्याची बाटली आणि रंगांचा डबा घेऊन चढताना दम लागतोच. वर गेल्यावर आधी पुठ्ठ्याच्या चौकटी वाटल्या. वहीच्या कव्हराला मध्ये आयताकृती खिडकी पाडलेली, एवढंच ते साधन. ती डोळ्यांसमोर धरून जेवढं दिसेल तेवढंच काढायचं. नैर्ऋत्येकडे तोंड केलं तर जवळ दगडी कठडा आणि एका झाडाची फांदी, त्याखाली उतारावरच्या वस्तीची पत्र्याची छपरं, मग इमारती, मग टेकड्यांची एक रांग आणि सगळ्यात मागे सिंहगड. पर्वतीपासून सिंहगड सरळ रेषेत सतराएक किलोमीटरवर आहे.

मी मुलांना सांगितलं, की दुसऱ्या बाजीरावांनी ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई याच टेकडीवरून पाहिली. मग विचारलं, त्यांना तिथली माणसं दिसली असतील का? पोरं खडकीच्या दिशेला वळली. बराच वेळ पाहून एक मुलगी म्हणाली, "बाई, धूर दिसला असेल. आणि धूळ." तेवढं उत्तर मला पुरे होतं. लांबची वस्तू फक्त लहान होत नाही, तिचा तपशील जातो, तिच्या कडा जातात, तिचा रंग हवेत विरतो. याला यथार्थदर्शनाच्या पुस्तकात मोठं नाव आहे, ते मी त्या दिवशी घेतलं नाही.

चित्रं मात्र फसली. त्रिकोण गेला होता, सिंहगडाचा माथा सपाट आला होता, मनोराही होता. पण सगळं एकाच भिंतीवर चिकटवल्यासारखं. ट्यूबमधून निघाला तसाच सॅप ग्रीन जवळच्या फांदीला, तोच टेकडीला, तोच सिंहगडाला. ऑगस्टचा हिरवा मोठा फसवा असतो, तिथे तयार चित्रकारही अडखळतात. मी डोळे किलकिले करून पाहायला सांगितलं, छटांच्या पट्ट्या करून घेतल्या, हिरव्यात तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून दाखवला, लांबच्या डोंगरासाठी कोबाल्ट निळ्यात भरपूर पाणी घालून दाखवलं. मुलं मान डोलवायची आणि पुढच्या चित्रात सिंहगड पुन्हा फांदीइतकाच ठळक. कारण सिंहगड महत्त्वाचा! महत्त्वाची गोष्ट फिकट का रंगवायची, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. हे मला कळायलाच दोन महिने गेले.

उत्तर दिवाळीत मिळालं. आमच्या गल्लीतल्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात मुलं किल्ला करत होती. त्यात माझ्याच वर्गातले दोघं होते. विटा आणि दगड रचून त्यावर गोणपाट टाकलेलं, त्यावर चिखलाचे हात चाललेले. मी उभी राहून पाहत राहिले. माची वेगळी काढलेली. कडा उभा तासलेला. पायथ्याशी उतार सैल सोडलेला, त्यावर अळीव पेरायचे म्हणून माती भुसभुशीत ठेवलेली. बुरूज पुढे आलेला, त्यामागचा तट आत गेलेला. त्या दोघांतल्या एकाने जूनमध्ये दोन त्रिकोण काढून माझ्या हातात दिले होते! मी त्याला विचारलं, "अरे, हा डोंगर असा कसा केलास? वर टोक का नाही?" तो माझ्याकडे जरा नवलानेच बघत म्हणाला, "बाई, टोकावर महाराज कसे बसतील?"

हाताला डोंगर माहीत होता. कागदावर तो पोचत नव्हता. मधे मातीची एक पायरी हवी होती, आणि ती उठावशिल्पाची असणार, हे मला तिथे पार्किंगमध्येच सुचलं. किल्ला चारही बाजूंनी फिरून बघता येतो. चित्र एकाच बाजूने. उठावशिल्प या दोघांच्या मधलं. पाठ सपाट, पुढून बघायचं, पण जवळचं खरोखर पुढे आणि लांबचं खरोखर मागे.

पहिल्या वर्षीचा प्रयोग माझ्या चुकीने बिघडला, तो आधी सांगते. मुलांनी डिसेंबरात मातीच्या उठावशिल्पाच्या पाट्या केल्या, त्या मी लवकर वाळाव्यात म्हणून गच्चीवर उन्हात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक पाट्यांना भेगा गेल्या होत्या आणि कडा पापडासारख्या वर वळल्या होत्या. भेगा नेमक्या कुठे, तर जिथे जाड कठडा संपून पातळ आकाश सुरू होतं तिथे. पातळ भाग आधी वाळून आकसला, जाड भाग ओलाच राहिला, दोघांनी एकमेकांना ओढलं. एका मुलीने महिनाभर केलेली पाटी मधोमध दुभंगली होती. वर्गासमोर मी सांगितलं, की चूक माझी आहे, तुमच्या हाताची नाही. तुकडे टाकले नाहीत. पाण्यात भिजवून माती परत केली.

दुसऱ्या वर्षी तीच मुलं नववीत आली आणि वर्ग माझ्याकडेच राहिला. मुख्याध्यापिकांनी शनिवारच्या दोन तासिका जोडून दिल्या. पस्तीस मिनिटांत माती बाहेर काढून परत झाकेपर्यंत घंटा होते, त्यामुळे ही मदत फार मोठी होती. माती कुठून आणायची हा प्रश्न मुलांनीच सोडवला. आता कितीतरी घरी शाडूचा गणपती बसतो आणि बादलीतच विसर्जन होतं. आठवडाभरात मूर्ती विरघळते, पाणी कुंड्यांना जातं, तळाशी माती राहते. मी म्हटलं, ती आणा.

एका मुलाची आजी स्वतः बादली घेऊन शाळेत आली. स्टाफरूमच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "अहो बाई, देवाची माती आहे ही. पायाखाली नाही ना यायची?" मी त्यांना आत बोलावलं, बसवलं. सांगितलं, "आजी, या मातीचा सिंहगड होणार आहे. पर्वतीची देवळंही येतील." त्यांनी बादली खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "मग हरकत नाही." त्या दिवसापासून मातीचा सांडलेला कण उचलून परत पिंपात टाकायचा, हा वर्गाचा नियमच झाला. नियम आजींमुळे झाला, पण त्याने वर्गही स्वच्छ राहिला.

ही माती लगेच वापरता येत नाही. तिच्यात रंगाच्या खपल्या असतात, दूर्वा असतात, कधी नारळाच्या शेंड्या, एकदा तर मूर्तीच्या डोळ्यातला खडा मिळाला. पाण्यात कालवून मच्छरदाणीच्या कापडातून गाळली, थर बसू दिला, वरचं पाणी काढलं आणि कापडात बांधून टांगली. चक्क्यासारखी. मळताना वर्तमानपत्राचा भिजवून कुटलेला लगदा थोडा मिसळला, त्याने भेगा खूप कमी झाल्या. शाडू वाळल्यावर करडा-पांढरा होतो आणि सहज ठिसळतो, तो आपण भाजत नाही. भट्टीत भाजायचं असेल तर कुंभाराची तांबडी माती घ्यावी. आम्हाला भाजायचं नव्हतं, पाहायला शिकायचं होतं.

माती तयार होत होती तेवढ्यात एका शनिवारी आम्ही सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला गेलो. हे देऊळ १७७० मध्ये पूर्ण झालं. पुण्यात राहून कितीतरी लोकांनी ते पाहिलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. काळ्या दगडाची दर्शनी भिंत कोरीव कामाने भरलेली आहे: द्वारपाल, हत्ती, आणि एका ठिकाणी साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि त्याच्याजवळ बंदूकवाले गोरे शिपाई. पुण्याच्या देवळावर गेंडा! मुलं त्यालाच चिकटली. मी म्हटलं, "आता भिंतीला गाल लावल्यासारखं बाजूला उभं राहून बघा. गेंडा किती पुढे आला आहे?" बाजूने पाहिलं तर अख्खा गेंडा जेमतेम बोटभर जाडीचा. समोर आलं की पुन्हा अंग भरलेला, जड, खरा. एक मुलगा सहा-सात वेळा समोरून बाजूला आणि बाजूवरून समोर जात राहिला. त्याने वहीत फक्त एवढंच लिहिलं: 'पोट खरं गोल नाही. कडेला वळवलंय म्हणून गोल वाटतं.' उठावशिल्पावरच्या व्याख्यानात मी याहून जास्त काही सांगू शकले नसते.

तिथेच हेही बोलणं झालं, की दगडात जे नको ते काढत जायचं असतं आणि मातीत हवं ते चढवत जायचं असतं. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर मुलांनी पाहिलेलं होतं. तिथे तर अख्खं लेणं खडकातून जमिनीच्या पातळीखाली पोखरत नेलेलं, एकदा टवका उडाला की परत लावता येत नाही. आमच्या मातीत चूक दुरुस्त होते, ही केवढी सोय आहे, हे त्यांना पाताळेश्वरचं नाव काढल्यावर आपोआप कळलं.

पुढे डिसेंबरात दहा-बारा मुलांना लोकलने मळवलीला नेलं, भाजे गावाजवळच्या लेण्यांत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं काम. दक्षिणेकडच्या विहाराच्या व्हरांड्यात दाराच्या एका बाजूला चार घोड्यांच्या रथातला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला हत्तीवरचा इंद्र, अशी त्यांची ओळख सांगितली जाते. हत्तीने सोंडेत अख्खं झाड उपटून धरलं आहे, आणि त्याच्या पायाखाली, नीट वाकून पाहावं लागतं, छोटी छोटी झाडं आहेत, झाडाभोवती कठडा आहे, माणसं आहेत. निसर्गचित्रच ते, दगडातलं. तिथे लांबचं लहान हा हिशेब नाही. देव मोठा, जग लहान. मुलांना हे लगेच पटलं, कारण सिंहगड ठळक रंगवताना त्यांच्या मनात हाच हिशेब होता. तो चूक नव्हे, वेगळा आहे, हे मी त्यांना तिथे सांगितलं आणि माझ्यासाठीही ते बरं झालं. त्यानंतर मी कुणाच्या चित्रावर 'चूक' असा शेरा मारला नाही.

आता काम. प्रत्येकाला सुताराकडच्या उरलेल्या प्लायची आठ बाय दहा इंचांची फळी दिली. त्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर माती. दोन्ही बाजूंना एक सेंटीमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून पाइपच्या तुकड्याने माती लाटायची, म्हणजे पाया सगळीकडे सारखा. या पायावर जास्तीत जास्त अडीच सेंटीमीटर चढायचं, त्याहून वर नाही. पर्वतीवरचंच दृश्य घ्यायचं, स्वतःच्या वहीतल्या रेखाटनावरून. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान यांनी कोटितीर्थाचा तलाव पुन्हा पुन्हा रंगवला, तसं आपणही एकच जागा धरून बसायचं ठरवलं होतं.

सतरा किलोमीटर अडीच सेंटीमीटरमध्ये बसवायचे. त्यासाठी मी उदबत्तीच्या काड्या दिल्या. उदबत्ती जळून संपल्यावर उरते ती काडी. तिच्यावर पेनने चार खुणा: २, ६, १२ आणि २५ मिलिमीटर. आकाश म्हणजे पाया, शून्य. सिंहगड २. टेकड्यांची रांग ६. इमारती आणि पत्र्याची छपरं १२. कठडा आणि फांदी २५. काडी मातीत टोचून मोजायचं, भोक बोटाने बुजवायचं. या आकड्यांत शास्त्र काही नाही, मी घरी ओट्यावर दोन पाट्या करून ते ठरवले होते. पण मुलांच्या दृष्टीने त्यात एक धक्का होता. २ आणि ६ मध्ये चारच मिलिमीटरचं अंतर, आणि प्रत्यक्षात तिथे कित्येक किलोमीटर. १२ आणि २५ मध्ये तेरा मिलिमीटर, आणि प्रत्यक्षात हाकेच्या अंतरावरची वस्ती. "बाई, हे उलटं आहे," असं तीन-चार जण एकदम म्हणाले. मी त्यांना इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या एका प्रार्थनामंदिराच्या दारांचा फोटो दाखवला. गिबर्ती नावाच्या शिल्पकाराने १४२५ ते १४५२ एवढा काळ त्या कांस्याच्या दारांवर काम केलं. पुढची माणसं जवळजवळ सुटी उभी आहेत, आणि मागच्या कमानी नखाने ओरखडल्याइतक्याच उठल्या आहेत. लांबचं अंतर आवळायचं, जवळचं सैल सोडायचं.

सगळ्यांची एक चूक सारखीच होती. सिंहगडाची बाह्यरेषा कोरायला सांगितली, की मुलं रेषेवर चर खणायची. पेन्सिलीची सवय! डोंगराभोवती खंदक पडायचा आणि डोंगर मात्र आकाशाच्याच पातळीत. मी एका मुलीच्या शेजारी बसले. तिचा हात धरला नाही, माझ्या पाटीवर करून दाखवलं. आधी चराच्या आकाशाकडच्या बाजूची माती अंगठ्याने हळूहळू चराकडे चोळत आणली, चर भरून निघाला. मग डोंगराच्या बाजूला मातीचा पापुद्रा चढवला, दोन मिलिमीटरचा, आणि माथ्याशी कडा स्वच्छ ठेवून पायथ्याकडे तो अंगठ्याने पार पुसून टाकला. माथा दिसतो, पायथा हवेत विरतो. तिने दोन मिनिटं बघितलं आणि स्वतःच्या पाटीवर तेच केलं. मग म्हणाली, "बाई, खाली धुकं आलं." धुकं तिने केलं नव्हतं. फक्त कडा पुसली होती.

दुसरी अडचण, वस्तू वेगळ्या करून चिकटवणं. फांदी, मनोरा, छपरं असे सुटे तुकडे नुसते दाबून लावले, की वाळल्यावर टपाटप पडतात. दोन्ही बाजूंना काट्या-चमच्यातल्या काट्याने आडवे-उभे ओरखडे काढायचे, पातळ माती लावायची, मग दाबायचं. पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत राहणारा एक मुलगा होता, त्याचे वडील गवंडी. तो आधीच ओरखडे काढून, पाणी मारून तुकडे लावत होता. म्हणाला, "भिंतीला टाचे मारल्याशिवाय प्लास्टर धरत नाही." उरलेल्या वर्गाला त्यानेच शिकवलं. त्याच्या पाटीवर छपरांचा थर सगळ्यात सुंदर उतरला. पन्हळी पत्र्यावरचे दगड, टायर, पाण्याची टाकी, सगळं जागच्या जागी. त्यातलं एक छप्पर त्याच्या घराचं आहे, हे त्याने मला फार नंतर सांगितलं.

आकाश रिकामं ठेवणं सगळ्यांना जड गेलं. कापसाच्या गोळ्यांसारखे ढग चिकटायला लागले होते. मी मोडा म्हटलं नाही. पडदे ओढले, ट्यूबलाइट बंद केली आणि पाटी उभी करून समोरून टॉर्च टाकला. सगळं सपाट, करडं. मग टॉर्च बाजूला नेला, पाटीच्या कडेला, जवळजवळ टेकवून. दोन मिलिमीटरचा सिंहगड एकदम उजळून उठला, छपरांच्या सावल्या लांब पडल्या आणि ढगांच्या गोळ्यांनी मात्र सिंहगडावरच काळे डाग टाकले. मुलांनी आपणहून ढग काढले. त्या दिवशी तास संपल्यावरही कोणी घरी जाईना, टॉर्चसाठी रांग लागली होती. भर दुपारी टेकडीवरून चित्र का काढू नये आणि सकाळी लवकर का जावं, हे मी वर्षभर सांगत होते, ते आता सांगावं लागलं नाही.

वाळवणं या वेळी नीट केलं. माती कातडी-घट्ट, म्हणजे चामड्यासारखी घट्ट पण अजून ओलसर, झाल्यावर पाटी अलगद उलटून जाड भागांच्या मागून माती पोखरून काढली, म्हणजे जाडी सगळीकडे साधारण सारखी राहते. मग वर्तमानपत्रात गुंडाळून जिन्याखालच्या सावलीत दहा-बारा दिवस. रोज दुपारच्या सुट्टीत दोघं जण कागद बदलायचे. तीनच पाट्यांना भेग गेली, आणि तीही केसाएवढी. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा एकाच पाटीचा केला, तेही दाखवण्यापुरतं. पाण्यात प्लास्टर शिंपडायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. घट्ट होताना ते तापतं, हे हात लावून पाहताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. एका छपराखाली माती आत वळलेली राहिली होती, तिथे साचा अडकला आणि छप्पर तुटलं. साच्यासाठी करायचं काम वेगळ्या विचाराने करावं लागतं, एवढं कळलं. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नये, हेही इथे सांगून ठेवते, पाइप कायमचा बुजतो.

स्नेहसंमेलनात पाट्या मांडल्या तेव्हा मी समोरचे दिवे बंद करून प्रत्येक टेबलाला बाजूने एकच दिवा लावला. बादलीवाल्या आजी आल्या होत्या. नातवाच्या पाटीपुढे थांबल्या, चष्मा सारखा केला आणि हात जोडले. मग मला म्हणाल्या, "देऊळ कुठं आहे यात?" देऊळ नव्हतं, आम्ही देवळाच्या कठड्यावरून बाहेर पाहत होतो. मी त्यांना तेच सांगितलं, आपण देवळातच उभ्या आहोत म्हणून.

जानेवारीत पुन्हा पर्वती. सकाळी सातला पायथ्याशी जमलो, सव्वासातला वर. थंडी होती, खाली शहरावर धुराचा आणि धुक्याचा पट्टा पसरलेला, त्यातून इमारतींचे वरचे मजलेच बाहेर. हिरवं फारसं उरलं नव्हतं, टेकड्या गवताच्या वाळक्या रंगाच्या. मी या वेळी काही समजावून सांगितलं नाही. क्वार्टर, म्हणजे पाव आकाराचे, कागद बोर्डाला लावून दिले आणि मागे जाऊन उभी राहिले.

चराच्या चुकीवरून जिच्याशेजारी बसले होते, ती मुलगी कठड्याला टेकून बसली होती. तिने आकाशाचा हलका हात मारला आणि तो अर्धा ओला असतानाच सिंहगडाचा माथा लावला. मग ब्रश धुतला, झटकला आणि नुसत्या ओल्या ब्रशने पायथ्याची कडा खाली ओढून पुसून टाकली, अगदी मातीत अंगठ्याने पुसली होती तशी. पुढची टेकडी लावायला तिने पॅलेटवर ऑकर आणि थोडा कोबाल्ट कालवला. ब्रश कागदाजवळ नेला आणि थांबली.

"बाई, ही सहाचीच ना?"

"सहाचीच."

तिने कालवलेल्या रंगाकडे पाहिलं, बाटलीच्या झाकणातून दोन थेंब पाणी त्यात टाकलं आणि पुन्हा कालवायला लागली.